टिपाडाचा तळ

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी सापडतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मुलीला एकटीला तिकडे कोण धाडणार. त्यानंतर लिहिलं ते किराणाच्या यादीपुरतं. कोणती वेलांटी कुठे द्यायची हे अजूनही कळत नाही, जी हाताला येते ती देते.

माझी मुलगी यंदा नांदेडला नर्सिंग शिकायला गेली. चौघींनी मिळून खोली केली आहे. परवा फोनवर म्हणाली, आई, तू घरात जे जे करतेस ते लिहून ठेव, इथं आमच्या भांड्याच्या फडक्याचा आठ दिवसांत वास यायला लागला. मला फोनवर बोलायला सुचत नाही आणि समोर माणूस असला तर अजिबातच सुचत नाही. म्हणून तिच्याच जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे.

फडक्याचं आधी सांगते. मला किळस लवकर येते, लहानपणापासूनच. वास मारणाऱ्या फडक्यानं पुसलेलं ताट मला उष्ट्या ताटापेक्षा घाण वाटतं. लातूरला मी एका खानावळीत भाकरी करायला जात होते. क्लासची पोरं तिथे जेवायला यायची. फडकं एकच. त्यानंच ओटा, त्यानंच ताटं, त्यानंच हात. एकदा मालकिणीनं फरशीवर सांडलेली आमटी त्या फडक्यानं पुसली, पिळली आणि तेच भाकरीच्या टोपल्यावर झाकलं. परातीतलं पीठ तसंच ठेवून मी मोरीत जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून घरून धुतलेलं जुन्या धोतराचं फडकं न्यायला लागले आणि माझ्या भाकऱ्या त्यात बांधायला लागले. तर फडकी दोन ठेवायची, ओट्याचं वेगळं आणि भांड्याचं वेगळं. रोज संध्याकाळी धुण्याचा सोडा टाकून उकळायचं, उन्हात वाळवायचं. ओलं फडकं घडी घालून कोपऱ्यात ठेवलं की झालं, त्यात काय काय पिकतं ते बघायला नको.

पण मला खरं पाण्याचं लिहायचं आहे. फडकं डोळ्याला दिसतं, नाकाला कळतं. पाण्याचं तसं नाही, आणि ज्या घरात ते प्यायचं असतं तिथे बोलायची सोय नसली तर त्याहून कठीण.

माझं माहेर उमरीकडचं. आमच्या घरी पाण्याचा माठ रोज सकाळी रिकामा व्हायचा. राहिलेलं पाणी शेळ्यांना, मग माठ आतून नारळाच्या शेंडीनं घासायचा, मग नवं पाणी. आई हे न सांगता करायची आणि मी न विचारता शिकले. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा आम्ही लातूरला आलो. यांना माल वाहण्याच्या टेम्पोवर काम मिळालं होतं. राहायला थोरल्या जावेचं घर होतं. मोठे दीर वारलेले, मूलबाळ नाही. दोन खोल्या, आणि पुढच्या पडवीत तिची पिठाची गिरणी. मी तिला अक्का म्हणायची. अंगानं धिप्पाड, भुवयांवर कायम पिठाची पांढरी झाक, आणि आवाज असा की गिरणी चालू असली तरी गल्लीच्या टोकापर्यंत जावा.

लातूरला नळ रोज येत नाही. आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी येतो. म्हणून घरोघरी टिपाडं असतात, म्हणजे दोनशे लिटरचे निळे प्लास्टिकचे ड्रम. अक्काची दोन होती, मोरीच्या बाहेर भिंतीला लावलेली. वापरायचं एक आणि प्यायचं एक. प्यायच्या टिपाडाबाबत तिचा एक कायदा होता. ते कधीही रिकामं होऊ द्यायचं नाही. नळ आला की त्यातल्या जुन्या पाण्यावरच नवं पाणी भरायचं, वरून तुरटीचा खडा दोन वेळा फिरवायचा, की झालं. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी अक्का कळशी घेऊन रात्र रात्र रांगेत बसली होती. त्यानंतर तिनं त्या टिपाडाचा तळ कधी बघितला नाही. पाणी ओतून टाकणाऱ्या बाईला ती नासकी म्हणायची, आणि तिच्या तोंडी ती लहान शिवी नव्हती.

आल्या दिवशी मी त्यातलं पाणी प्यायले. जिभेवर बुळबुळीत लागलं. संध्याकाळी टिपाडात वाकून बघितलं, वर पाणी नितळ होतं. हात घातला. कोपरापर्यंत गेला तशी बोटांना कडेची भिंत लागली, आणि ती भिंत नव्हती, शेंबडासारखं काहीतरी होतं. मी हात काढला आणि साबणानं तीनदा धुतला. त्या टिपाडाला झाकण म्हणून जुन्या फ्लेक्सचा तुकडा होता. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बाया तहान लागली की तो उचलायच्या आणि पेला बोटांसकट बुडवायच्या. कुणी नाक शिंकरून आलेली, कुणी तंबाखू मळून आलेली. मी रोज बघत होते.

मी पाणी चारपदरी पातळातून गाळायला लागले, आणि मुलीपुरतं उकळायला लागले. चौथ्या दिवशी अक्का गिरणीवरूनच, चार बायांसमोर म्हणाली, "आमच्या धाकलीला राजाच्या घरी द्यायला पायजे होती. पानीबी शिजवून पितीय." बाया हसल्या. रात्री जेवताना यांच्याकडे बघत म्हणाली की गॅस काय झाडाला लागत नाही. हे खाली मान घालून जेवत राहिले. मी उकळणं बंद केलं. गाळत राहिले, पण गाळल्यानं काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. काही होत नाही. कचरा जातो, रोग राहतो. हे मुलीनं आणि तिच्या मैत्रिणींनी नीट लक्षात ठेवावं. पाणी खळखळा उकळलं पाहिजे, नुसतं वाफाळून चालत नाही, आणि थंड झाल्यावर त्यात पुन्हा हात बुडवायचा नाही. दांड्याचं ओगराळं ठेवायचं, आणि ते टांगून ठेवायचं.

मी गप्प बसले याची मला आज जेवढी किळस येते तेवढी त्या भिंतीचीही येत नाही. पण तेव्हा बसले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात मुलगी जेवेना. भाकरीचा वास आला की तोंड फिरवायची. दोन दिवसांनी मोरीत तिची लघवी बघितली तर चहाच्या रंगाची. उजेडात डोळ्याची पापणी ओढून बघितली, आतलं पांढरं सगळं पिवळं. हे टेम्पो घेऊन हदगावकडे गेले होते. अक्का म्हणाली, कावीळ हाय, दवाखान्याचं काम न्हाई, उतरवून आनू. तिच्या माहेरच्या बाजूला, जळकोटच्या पुढे, एक म्हातारे बुवा कावीळ उतरवत. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी गेलो.

ते अंगण मला अजून आठवतं आणि आठवलं की तोंडात पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. पंधरा-वीस माणसं रांगेनं बसलेली. एका बाजूला बुवा लोकांच्या नाकात औषध पिळत होते. कापसाचा एकच बोळा. एकाच्या नाकाला लावायचा, वाटीत बुडवायचा, पुढच्याच्या नाकाला लावायचा. ज्यांचं झालं ती माणसं ओणवी होऊन बसली होती आणि त्यांच्या नाकातून पिवळं पाणी मातीत गळत होतं. त्यालाच कावीळ पडून राहिली म्हणत होते. त्यावर माश्या. दुसऱ्या बाजूला पितळी परातीत चुन्याची निवळी. बुवांची सून माणसाच्या हाताला कोपरापर्यंत झाडाच्या सालीचा काळपट लगदा चोळायची, मग हात परातीत धुवायचे, आणि निवळी पिवळी पिवळी होत जायची. सकाळपासून किती माणसांचे हात त्यात धुतले होते कुणास ठाऊक. साय धरावी तसं वर काहीतरी धरलं होतं.

मुलगी हात देईना. मी तिची मनगटं धरली. सुनेनं लगदा चोळला तसा तो माझ्याही बोटांना लागला. मुलीचे हात परातीत बुडवले, माझेही बुडाले, आणि माझ्या बोटांतूनही पिवळं सुटलं.

अक्का वाकून बघत होती. म्हणाली, "अगं बया, हिलाबी हाय की."

बुवा तिकडूनच म्हणाले, "आईची हाय म्हनून तर लेकरात आलीय. दोघींची उतरवावी लागंल."

अक्कानं कनवटीचे आणखी एक्कावन्न रुपये काढले. माझे डोळे मात्र त्या सुनेच्या हाताकडे होते. तिनं लगदा चोळायच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, वर चिंधी गुंडाळलेली. तिच्या बोटांना तो लगदा लागत नव्हता. ती पिशवी कशासाठी ते मला तिथल्या तिथे कळलं, पिवळं त्या लगद्याचंच सुटत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मीही खाली घातली. बोळा नाकाशी आला तेव्हा मुलीनं मान इकडेतिकडे केली आणि निम्मं औषध गालावर गेलं, तेवढंच बरं झालं. येताना एसटीत ती दोनदा ओकली, माझ्या ओच्यात.

बुवांनी मुळीच्या काड्यांची एक माळ दिली होती. ती डोक्यावर ठेवायची. माळ वाढत वाढत गळ्यात आणि तिथून खाली येते, तशी कावीळ उतरते, असा हिशेब. अळणी खायचं आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही, नाहीतर औषध उलटतं. अक्का रोज सकाळी अंघोळ करून माळ वितीनं मोजायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दोन बोटं वाढली. उतरून राहिली बघ." मुलीला तेव्हा मान उचलवत नव्हती. सुतळीत ओल्या काड्या ओवल्या तर वाळल्यावर सुतळी ढिली पडणारच, हे मला वाळवणं घालून घालून माहीत होतं. मी तेही बोलले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मुलीनं मला काकी म्हणून हाक मारली, अक्काला मारायची तशी. मी म्हटलं, बाळा, मी आई. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा काकी म्हणाली, मला पाणी दे.

मी तिला उचललं. आठ वर्षांची पोर, कापसासारखी हलकी लागली. अक्का गिरणी बंद करून दारात आली.

"माळ उतरल्याबिगर न्यायचं न्हाई. अवशद उलटंल. पोर जाईल हातची."

मी माळ तोडली. काड्या दारात पसरल्या. म्हणाले, "अक्का, माळ तुम्ही ठेवा. पोरीला मी नेते."

त्या घरात दीड वर्षात मी तिला दिलेलं ते पहिलं उत्तर होतं. रिक्षा केली आणि तिला मांडीवर घेऊन बसले.

दवाखान्यात डॉक्टर बाई होती, माझ्याहून लहान. रक्त काढलं, पोट दाबून बघितलं, आणि म्हणाली की यकृताला फार सूज आहे, विष डोक्यापर्यंत चाललं होतं, चार दिवस काय करत होता. एवढ्यात अक्का आली, पायात चप्पल नाही, लुगड्यावर पीठ, हातात दळणाच्या पैशांची पिशवी. डॉक्टर बाई विचारत होती की पाणी कुठलं पिता, कसं साठवता. अक्का अभिमानानं म्हणाली की आमचं टिपाड आम्ही कधीच रिकामं होऊ देत नाही. डॉक्टर बाईचा पेन थांबला.

"कधीपासून?"

"रेल्वेनं पानी आलतं तवापसून."

डॉक्टर बाईनं अक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला येत होतं. त्या नजरेचा राग मला कधीच आला नाही.

ज्यांनी हे वाचायचं आहे त्यांनी एवढं करावं. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. नाकात काही पिळून घेऊ नये. माणूस उलटसुलट बोलायला लागला, ओळखेनासा झाला, तर एक तासही थांबू नये. पुष्कळदा कावीळ आराम करून, हलकं खाऊन आपली आपण बरी होते, म्हणून तर बुवांचं नाव होतं. ज्यांची होत नाही ती परत सांगायला येत नाहीत.

सगळा मिळून अठ्ठावीस हजार खर्च आला. यांच्याकडे तीन होते. बाकीचे अक्कानं दिले. मुलीला सलाईन लागलं होतं, तिच्या उशाशी उभी राहून अक्का हळू आवाजात म्हणाली, तिचा हळू आवाज मी तेव्हाच ऐकला, "पैशे हाईत. पन फिटल्याबिगर येगळी चूल मांडायची न्हाई." माझ्या मनात वेगळं निघायचं आलं होतं, ते तिनं मी बोलायच्या आधी ओळखलं. मी मान हलवली.

मुलीला घरी आणायच्या आदल्या दिवशी मी दुपारी एकटीच घरी आले आणि टिपाड आडवं केलं. नळ येऊन नऊ दिवस झाले होते. पाणी गटारीत गेलं. आधी नितळ, मग चहासारखं, मग तळ आला. काळा-हिरवा गाळ, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ओढावा लागला. तो ओढताना लांब लांब तारा निघत होत्या. त्यात तुरटीचे झिजलेले खडे, एक चमचा, एक पेला, केसांचे पुंजके, पालीचा सांगाडा, पांढरा आणि कंगव्यासारखा बारीक. आणि वळवळणारे तांबडे किडे. मी तिथेच ओकले. ओकून पुन्हा हात घातला. हे सगळं माझी पोर प्यायली होती, मी प्यायले होते, माझ्या हातानं पेला भरून दिला होता.

अक्का आली तेव्हा पाणी गल्लीभर पसरलं होतं. मला वाटलं आता मारते. ती पायरीवर बसली आणि वाहणाऱ्या पाण्याकडे बघून रडायला लागली, एखादं माणूस गेल्यासारखी. गाळाकडे तिनं बघितलंच नाही. म्हणाली, "तू न्हाई बघितलंस ते वरीस." शेजारणीही जमल्या आणि मलाच बोलल्या. या दिवसांत पाणी सांडलं म्हणून.

त्यानंतर टिपाडं तीन झाली. एक मी घेतलं, पिण्याचं माझं आणि मुलीचं. दर नळाला ते पूर्ण रिकामं करायचं, जुनं पाणी भांड्याला-संडासाला वापरायचं म्हणजे वायाही जात नाही. आतून ब्रशनं घासायचं, ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं धुवायचं, घट्ट झाकण लावायचं. गॅसला हात लावला नाही. मागच्या बाजूला तीन विटांवर तुराट्या पेटवून पाणी उकळत होते. अक्कानं मात्र आपलं टिपाड पहिल्यासारखंच भरलं. तोच कायदा. वर फ्लेक्सचा तुकडा. चार महिन्यांत त्याचा वास परत माझ्या नाकात यायला लागला.

आणि ती मुलीला बोलवायची. दुपारी शाळेतून आली की गिरणीवरून म्हणायची, ये गं, गार पानी पी, तुझी आई कडतच पाजती तुला. जीव होता तिचा पोरीवर, तो खोटा नव्हता. मुलगी माझ्याकडे बघायची. एका दुपारी मी खानावळीतून आले तर मुलगी त्या टिपाडापाशी उभी, पेला ओठाला लागलेला. मी पेल्यावर फटका मारला. पाणी दोघींच्या अंगावर उडालं. मुलगी रडायला लागली. अक्का दळण थांबवून बघत होती. मी आत जाऊन मुलीच्या चुळा भरून घेतल्या, पुन्हा पुन्हा, तिचे ओठ सुजेपर्यंत. मग माझ्या लक्षात आलं की मी अशी रोज दारात बसून पहारा देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक खानावळ धरली. सकाळी एक, संध्याकाळी एक. दीडशे भाकरी इकडे, दीडशे तिकडे. तिथली फडकी, तिथल्या मोऱ्या, ताटात हात धुऊन त्यातच चूळ टाकणारी पोरं, सगळं बघत होते आणि थापत होते. चटके बसून बोटांची कातडी सालीसारखी निघायची. दर महिन्याला अक्काच्या हातात पैसे ठेवायचे. यांनीही टेम्पोच्या फेऱ्या वाढवल्या. मधे एकदा अक्का म्हणाली, एवढी काय घाई हाय, मी काय मागून राहिले का. मी म्हटलं, न्हाई. आणि पैसे ठेवले.

शेवटचे तीन हजार दिले तो रविवार होता. गिरणी बंद होती. अक्का पडवीत बसली होती. तिनं अंगठा जिभेला लावला आणि नोटा मोजायला लागली. प्रत्येक नोटेला जीभ. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. मोजून झाल्या, पुन्हा अंगठा ओला केला, पुन्हा मोजल्या. बराच वेळ मोजत होती. तीन हजाराच्या सहाच नोटा होत्या.

"खोली बघितलीस?"

"हाव. रिंग रोडच्या पलीकडं."

"टिपाड नेनार आसशील."

"माझं एक नेते, अक्का."

तिनं नोटा पिशवीत घातल्या, पिशवी कनवटीला लावली. म्हणाली, "बरोबर हाईत. काई ऱ्हायलं न्हाई आता तुज्याकडं."